पहाटेचे साडेचार सोड, दुपारचे दोन बघ

ताई, तुझा प्रश्न दोनदा वाचला. वयाने तू माझ्या मुलीएवढी आहेस म्हणून सरळ अगंतुगं करते, राग मानू नकोस.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ही एरंडोलकडची, वय ३३, एकत्र कुटुंब, सासू-सासरे, मोठा मुलगा तिसरीत, धाकटी अंगणवाडीत, नवऱ्याचं कृषी केंद्र आणि त्याचे हिशोब हिच्याकडे. कॉलेजात कथा लिहायची, एकदा बक्षीसही मिळालं, मग लग्न झालं आणि दहा वर्षं वही उघडली नाही. कुणीतरी सांगितलं लिहायला पहाटे साडेचारला उठत जा, तर नऊ दिवस उठली, दहाव्या दिवशी ओट्यापाशी उभ्या उभ्या डोळा लागला आणि दोन लिटर दूध उतू गेलं. "सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त ओटा पुसला, आणि पुसताना कपडा तीनदा पिळला" असं लिहिलंयस तू. तो तीनदा पिळलेला कपडा वाचला आणि म्हटलं हिला उत्तर द्यायचंच. तुझा प्रश्न असा की मी आळशी आहे का, आणि मुलं मोठी होईपर्यंत हा नाद सोडून देऊ का.

आळशी कसली. सकाळी ६ ते रात्री १०.३० चा दिवस तू स्वतःच लिहून दिलायस, त्यात आळस मावेल एवढी जागा मला तरी दिसली नाही. आणि मुलं मोठी व्हायची वाट बघशील तर त्यांची दहावी-बारावी येते, मग लग्नं, मग सासू-सासऱ्यांची दुखणी, मग आपलेच गुडघे. अशी वाट बघत बसलेल्या पाच-सहा जणी माझ्या ओळखीत आहेत, आणि खरं सांगू का, त्यातल्या निदान तिघी माझ्यापेक्षा चांगलं लिहायच्या.

माझं सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, सगळी नोकरी अमळनेर तालुक्यात आणि आसपास. लग्न झालं तेव्हा घरात ११ माणसं होती. या सगळ्यात कथांची तीन पुस्तकं झाली आणि दिवाळी अंकांत बऱ्याच कथा आल्या. मोठी लेखिका वगैरे नाही गं, जळगाव, धुळे, नंदुरबार सोडलं तर मला कुणी ओळखत नाही, पण लिहिणं कधी कायमचं सुटलं नाही, आणि तुझा प्रश्न तेवढ्यापुरताच आहे.

आता मुद्दा. तू प्रश्न वेळेचा मांडलायस. वेळेचा आहेच तो, नाही असं नाही, पण माझ्या मते ते दुखणं दुसऱ्या नंबरचं. तूच लिहिलंयस बघ, "वही उघडली की काहीच सुचायचं नाही, अर्धा तास नुसती बसून राहायचे". म्हणजे नऊ दिवस तुला रोज अर्धा तास मिळाला होता! तो गेला कुठे? तुझ्या डोक्यात तेव्हा डबा होता, आज नळ येणार की उद्या ते होतं, पोराच्या शाळेची कसलीतरी वर्गणी होती, आणि सहा वाजायच्या आत काहीतरी भारी लिहून झालंच पाहिजे ही घाई होती. मी पण हे केलंय, धाकटा मुलगा दोन वर्षांचा असताना. त्या वहीत दर पानावर तारीख आहे, खाली एक ओळ, ती खोडलेली, आणि एका पानावर चक्क किराण्याची यादी आहे, तांदूळ ५ किलो पासून. पहाटे उठून मस्त लिहिणारी माणसं असतात, पण त्यातल्या बहुतेकांना सहा वाजता कुणीतरी चहा आणून देत असतं, ते कुणी सांगत नाही. तुझी झोप जेमतेम साडेसात तासांची. त्यातला दीड तास कापून कथा होत नाही, दूध मात्र उतू जातं.

मला वर्षानुवर्षं करून जे कळलं ते असं की लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत. एक घोळवणं, एक उतरवणं. उतरवायला खरंच फार वेळ लागत नाही. वेळ लागतो घोळवायला, आणि त्याला खुर्ची-टेबल, पहाट, शांतता काही लागत नाही, फक्त डोकं मोकळं लागतं, हात भले कणकेत असू देत. आमच्या अमळनेरात साने गुरुजी शिक्षक होते, त्यांनी 'श्यामची आई' हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात जेमतेम पाच दिवसांत लिहून काढलं. हे मी पोरांना वर्गात दरवर्षी सांगायचे, आणि सांगताना मलाच वाटायचं की बाप रे काय हा स्पीड. नंतर कधीतरी लक्षात आलं की आईच्या त्या आठवणी ते किती वर्षं मनात घेऊन फिरत असतील, पाच दिवस लागले ते कागदावर यायला. (तुरुंगात दूध उतू जात नाही हाही एक मुद्दा आहे म्हणा.)

म्हणून पहिलं काम असं कर की एक आठवडा अजिबात लिहू नकोस. फक्त कॅलेंडरच्या मागे तुझी दिवसभरातली कामं टिपून ठेव आणि प्रत्येकापुढे लिही की यात हात अडकतो की डोकं. वाटतं तितकं सोपं नाहीये हे. भाकरी थापताना माझं डोकं एकदम मोकळं असायचं, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीला हात सांभाळून लागतो पण दहा वर्षांनी हाताला आपोआप कळतं. शेंगा फोडणं, मेथी निवडणं, कपडे वाळत घालणं, धाकटीला मांडीवर थोपटणं, ही सगळी घोळवायची कामं. वाळवणाचं म्हणशील तर त्यात डोकं मोकळं नसतं, बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायला गच्चीवर चार-पाच जणी असतात आणि तोंडं चालू असतात, पण तिथे कान मोकळे असतात, आणि माझ्या निम्म्या कथा त्या गच्चीवर ऐकलेल्या आहेत. मुलाचा अभ्यास, दुकानाचा हिशोब, बँकेचं काम, यात डोकं पूर्ण जातं, तिथे कथेचा विचार करायचाच नाही, हिशोब पण चुकतो आणि कथा पण. आणि मोबाईल. त्यात हात मोकळा असतो आणि डोकं अडकलेलं, म्हणजे आपल्या कामाच्या बरोब्बर उलटं. मी पण बघते, रोज बघते, नाही असं नाही, पण भाकरी करताना समोर मोबाईल उभा करून सिरीयल लावायची ती मात्र बंद केली. तेवढ्या एका गोष्टीने मला दिवसाचा पाऊण तास परत मिळाला, कुणाला काही मागावं लागलं नाही.

माझं सगळ्यात मोठं घोळवणं एसटीत झालं. १९ वर्षं अपडाऊन केलं, एका बाजूने ४० मिनिटं. सुरुवातीला एसटीत लिहायचा प्रयत्न करायचे, पण आपले रस्ते तुला माहीतच आहेत, अक्षर म्हणजे गांडुळं, घरी आल्यावर मलाच वाचता यायचं नाही. मग वही पिशवीत टाकली आणि खिडकीतून बघत बसायला लागले. कपाशीची रानं, मध्येच कुठेतरी ज्वारी, आणि डोक्यात कथेतलं माणूस चालू, की आता ही बाई घरी गेल्यावर काय म्हणेल, बोलेल की नुसती भांडी आपटेल. शाळेत पोचलं की परिपाठाला दहा मिनिटं असायची, तेवढ्यात व्हरांड्यात उभ्याने सात-आठ ओळी लिहून घ्यायच्या. सोबतच्या बाईंना बरीच वर्षं वाटत होतं की मी टाचण काढते.

इथे तुला कुणीतरी बहिणाबाईंचं उदाहरण देणारच, खात्री आहे मला. आपल्याकडे लिहिणाऱ्या बाईने वेळेचं नाव काढलं की समोरचा म्हणतो, अहो आपल्या बहिणाबाईंनी जात्यावर बसून केल्या कविता, शेतात काम करता करता केल्या, शाळेत सुद्धा गेल्या नव्हत्या, तुम्हाला कशाला पाहिजे वेगळा वेळ? मी हे इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर पाठ झालंय. एक तर जातं, जातं म्हणजे हात अडकलेला आणि डोकं मोकळं, वर ताल फुकटचा. आपल्या मिक्सरला कसला आलाय ताल. दुसरं म्हणजे त्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांच्या ओव्या उतरवून घेतल्या त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका भाच्याने. १९५१ ला त्या गेल्या आणि पुस्तक आलं १९५२ ला. म्हणजे घोळवणारी एक आणि उतरवणारे वेगळे. तिसरं, जे उतरवलं गेलं तेवढंच आपल्याला मिळालं, जात्याच्या घरघरीत किती गेलं असेल त्याचा हिशोब कुणाकडे आहे? तर बहिणाबाईंचं उदाहरण देणाऱ्याला नमस्कार करून विचारायचं, की माझ्या ओव्या कोण उतरवून घेणार, तुम्ही बसता का वही घेऊन? आणि कथा म्हणजे ओवी नाही, ती पाठ राहत नाही, तिला शेवटी बूड टेकून बसावंच लागतं. रोज तासभर नाही, पण लागतं.

मग बसायचं कधी. आता तुझाच प्रश्न परत वाच. त्यात मध्येच एक ओळ टाकून तू पुढे निघून गेलीस, "दुपारी २ ते ४ हे जेवून पडतात तेव्हा काउंटरला मी असते, तेव्हा काय मोबाईलच बघते". अगं, हाच की वेळ! आपल्याकडे दुपारी दोनला रस्त्यावर कुत्रं नसतं, उन्हाळ्यात तर विचारूच नको. खताच्या दुकानात त्या वेळी येऊन येऊन येणार कोण, एखादा शेतकरी फवारणीचं औषध घ्यायला, नाहीतर कुणी नुसतंच भाव विचारायला. मधे मधे उठावं लागेल, लागू दे. घोळवून झालेलं असेल तर मधे उठल्याने काही बिघडत नाही, बिघडतं ते कोऱ्या पानावर बसल्यावर. तिथे हिशोबाचा कॉम्प्युटर असेल तर त्यावर लिहू नकोस असं माझं मत, एकदा का जीएसटीचं पान उघडं दिसलं की संपलं. वही घे, साधी दोनशे पानी, बिलबुकाच्या खाली मावेल अशी.

रोज दोन तास मिळाले तरी दोन तास लिहायला जाऊ नकोस. १५० शब्द, बस. फुलस्केपचं पाऊण पान होतं. आठवड्यातले चार दिवस धर, बाकीचे तीन दिवस पाहुणे, नळाचा दिवस आणि कंटाळा यांना देऊन टाक. चार दिवसांचे ६०० शब्द, चार आठवड्यांचे २४००, म्हणजे महिन्याला दिवाळी अंकात बसेल एवढी एक कथा, कच्ची का होईना. मी आयुष्यात याच्यापेक्षा जास्त वेगाने कधीच लिहिलं नाही. आणि उठताना पुढची ओळ अर्धी सोडून उठायचं. म्हणजे "तिने दार उघडलं तर समोर" इथे वही मिटायची. मग संध्याकाळी भाकरी थापताना समोर कोण आहे तेच डोक्यात फिरत राहतं, आणि दुसऱ्या दिवशी कोरं पान नसतं. एखादं वाक्य मध्येच सुचलं आणि हात भरलेले असले तर फोनमध्ये बोलून ठेव. बोलून टाईप करायला फोनला मराठी चांगली समजते, अहिराणी, आपली खानदेशी बोली, आली की मात्र तो गडबडतो, माझ्या कथेतल्या एका आजीच्या तोंडच्या "काय करी ऱ्हायना" चं त्याने काय केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. म्हणून मी नुसता आवाज रेकॉर्ड करून ठेवते, तो बरा.

आत्तापर्यंतचं एवढंच, की घोळवायला वेगळा वेळ लागत नाही आणि उतरवायला थोडाच लागतो. पण याच्या पुढचं जे आहे ते अवघड आहे, आणि तू ते विचारलेलं नाहीस. तुझ्या घरात तुझं लिहिणं हे काम म्हणून कुणाला माहीतच नाही. तू पहाटे उठायचीस ते सुद्धा अभ्यासाचं कारण सांगून, नाही का. (बी.एड.ची सीईटी म्हणे!) मी हसत नाहीये, कारण मी सहा वर्षं याच्यापेक्षा वाईट केलंय.

माझ्या सासूबाई अहिराणी बोलायच्या, शिक्षण दुसरी. मी दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या बाजूने कथा लिहायचे. त्या विचारायच्या, "काय लिखी ऱ्हायनी व माय इतलं?" आणि मी सांगायचे, हिशोब. आता दोन म्हशींच्या दुधाचा हिशोब किती असतो, पण त्यांनी कधी पुढे विचारलं नाही. याचा तोटा असा झाला की हिशोब हे असं काम आहे की ते कधीही अर्धवट सोडून उठता येतं, त्यामुळे मला कुणीही कधीही उठवायचं. चूक त्यांची नव्हतीच, मीच लिहिण्याला हिशोबाचं नाव दिलं होतं. मग २००३ च्या दिवाळी अंकात एक कथा आली आणि मनीऑर्डरने १५० रुपये आले. दिवाळीची सुट्टी होती म्हणून मी घरी होते, पोस्टमनने ओट्यावर सही घेतली, नोटा मोजून हातात दिल्या, आणि सासूबाई समोर तूर पाखडत बसलेल्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. कसले पैसे? मग सांगावं लागलं. मला वाटलं आता सहा वर्षांचं खोटं निघणार. त्या म्हणाल्या काय, तर एवढ्याशा लिहिण्याचे १५० देतात, मग तू जास्त का नाही लिहीत?

त्या दिवसापासून घरात ते "लिखाणाचं काम" झालं. मी लिहायला बसले आणि कुणी हाक मारली की त्या दारातूनच परतवायच्या, "ती लिखी ऱ्हायनी, मंग ये". पैशाने लिहिण्याला किंमत येते असं मला म्हणायचं नाही, दीडशे रुपयांत तेव्हाही काही येत नव्हतं. पण आपल्या घरांमध्ये कामाला नाव असलं की त्याला जागा मिळते. शिवणकामाला मिळते, पापडाच्या ऑर्डरला मिळते. लिहिण्याला नाव नसतं म्हणून ते कुठेच बसत नाही, आणि ते नाव आपणच देत नाही, लाज वाटते म्हणून. याची दुसरी बाजू पण सांगते. त्यानंतर त्यांचं लक्षही असायचं, चार दिवस वही निघाली नाही की विचारायच्या, आणि छापून आलं की कुणाकडून तरी वाचून घ्यायच्या आणि म्हणायच्या "यामा मन्हं नाव कोठे शे?" (यात माझं नाव कुठे आहे?) एका कथेत त्यांच्यासारखी सासू होती ती त्यांनी बरोबर ओळखली आणि आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. म्हणजे सांगितल्यावर हेही येतं. पण चोरून लिहिण्यापेक्षा हे परवडलं.

तर तू सांग घरात. मोठं भाषण नको, "मी दुपारी काउंटरवर कथा लिहिते, दिवाळी अंकाला पाठवायची आहे" एवढंच, जेवताना, भाजी वाढता वाढता. कुणी हसलं तर हसू दे. ज्या सासूबाई दूध पुसताना एक शब्द बोलल्या नाहीत त्या मला काही वाईट वाटत नाहीत. त्यांना काय चाललंय ते कळलंच नव्हतं ना.

नवऱ्याकडे मागायचं ते मोजून माग. मी ह्यांना कित्येक वर्षं म्हणायचे की मला जरा वेळ द्या ना, आणि हे म्हणायचे घे की, कोण अडवतंय. दोघंही खरं बोलत होतो आणि होत काहीच नव्हतं. मग एकदा चिडून सांगितलं की बुधवारी आणि शनिवारी रात्री साडेआठ ते सव्वानऊ पोरांना जेवू घालून झोपवायचं काम तुमचं, मी मागच्या खोलीत, आग लागली तरच हाक मारा. पहिल्या बुधवारी तीनदा हाक आली, त्यात एकदा चमचे कुठे आहेत म्हणून. उठायचं नाही. चमचे सापडतात त्यांना. पुढे निम्मे बुधवार तरी नीट मिळाले, आणि मी तेवढ्यात दिवसभराचं तुकड्या तुकड्याने लिहिलेलं जोडून घ्यायचे. तुला पण असे आठवड्याचे दोन पाऊण तास लागतील, कारण काउंटरवर तुकडे लिहून होतात पण ते जोडायला सलग बैठक लागते.

आता हे सगळं कुठे लागू पडत नाही तेही सांगते. तान्हं मूल असेल तर सोडून दे, त्या वर्षात झोप हीच मोठी गोष्ट. घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल तरी तेच. माझ्या सासऱ्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा १४ महिने मी एक ओळ कथेची लिहिली नाही, रात्री फक्त एका डायरीत ते अडखळत काय बोलले तेवढं टिपायचे, ते सुद्धा रोज नाही. त्याचं वाईट वाटून घेतलं नाही, आणि पुढे तीन वर्षांनी त्यातलंच कामाला आलं. कविता लिहायच्या असतील तर वर सांगितलेल्यापैकी निम्मं लागणारच नाही. कादंबरीचं डोक्यात असेल तर प्लीज आत्ता नको, आधी चार-पाच कथा पूर्ण कर, दहा वर्षं हात थांबलाय, त्याला काहीतरी संपवायची सवय लागू दे. आणि ज्या घरात वही फाडतात, हात उगारतात, तिथे मी म्हणणार नाही की सासूबाईंना समजून घे, तो प्रश्न लिहिण्याचा नाहीच आणि तिथे आधी मदत मागायची असते. तुझं तसं दिसत नाही, पण हे वाचणाऱ्या एखादीचं असेल.

एक शेवटचं. "रोज लिहा, एक दिवस चुकवू नका" असं जे सांगतात त्यांच्या घरी बहुतेक वर्षाचे सगळे महिने सारखे असतात. आपल्याकडे नसतात. एप्रिलमध्ये वाळवण, मग आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, लेकी माहेरी आलेल्या, लग्नसराई, ४४-४५ डिग्रीत डोकं तसंही चालत नाही. श्रावणात कानबाईचा सण, त्याचे रोट, घरभर माणसं. आणि तुझं तर दुकान. मे अखेरीला कपाशीचं बियाणं आलं की काउंटरवर रांग लागते, मग युरिया आला का, खतविक्रीच्या मशीनवर शेतकऱ्याचा अंगठा उठत नाही, उधारीची वही, तेव्हा दुपारचे दोनही तुझे नसतात. शेतकऱ्याला आपण विचारत नाही की तू बारा महिने रोज पेरतोस का. मी हिवाळ्यात कच्चं लिहायचे, मार्चपर्यंत. उन्हाळ्यात फक्त वाचायचं आणि गच्चीवर कान उघडे ठेवायचे. शाळा सुरू झाल्या की जूनमध्ये तेच हिवाळ्याचं काढून दुरुस्त करायचं आणि पाठवायचं, कारण दिवाळी अंकवाले साधारण जून-जुलैपासून ऑगस्टपर्यंत साहित्य मागवतात, त्यानंतर पाठवलेलं पुढच्या वर्षावर जातं. तुला जून जमणार नाही, तर तुझी दुरुस्ती एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात उरकून घे आणि पाकीट तयार करून ठेव.

आत्ता डिसेंबर आहे, रब्बीच्या बियाण्याची गर्दी सरली असेल तुमच्याकडे, शेतांवर भरीत पार्ट्या सुरू झाल्या असतील. मार्च अखेरपर्यंत तुझ्याकडे जवळजवळ चार महिने आहेत, त्यातला एक आठवडा कामं टिपण्यात घालव, एक आळसात गेला असं धर, तरी तीन कथा होतात. पहिली तर तयारच आहे, दूध उतू गेल्यावर न बोलता ओटा पुसणारी सासू. कपडा तीनदा पिळून झाल्यावर ती काय करते ते तुला माहीत आहे, मला नाही. सोमवारी दोन वाजता तिथून सुरू कर. आणि मे अखेरीला कपाशी सुरू झाली की मला काय झालं ते कळवायला बसू नकोस, ऑगस्टमध्ये लिही निवांत.